टोल फ्री नंबरचं बिल बाबांना का आलं?

पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

"माझे वडील सत्तरीचे आहेत. मध्यंतरी ते परदेशात माझ्याकडे राहायला आले होते. एके दिवशी त्यांचं बँकेचं कार्ड हरवलं. मी कामावर होते. मला त्रास नको म्हणून त्यांनी डायरीत लिहून ठेवलेला बँकेचा टोल फ्री नंबर स्वतःच्याच मोबाइलवरून लावला. 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत' हे ऐकत ते बराच वेळ लाइनवर थांबले. मधेच फोन कट झाला, त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा थांबले. शेवटी कार्ड बंद झालं. ते घरी परतल्यावर मोबाइलचं बिल आलं, ते नेहमीच्या कितीतरी पट. नीट पाहिल्यावर त्यात आणखी एक कॉल सापडला. वॉशिंग मशीन दुरुस्तीसाठी घरूनच लावलेल्या कंपनीच्या नंबरचेही पैसे लागले होते. बाबा म्हणतात, तोही टोल फ्रीच होता.

भावाने बिल भरून टाकलं आणि बाबांना सुनावलं, 'जगात काही फुकट नसतं. यापुढे कुठेही फोन करायचा असेल तर मला सांगा, मी करीन.' तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावलाय. बँकेला फोन करायचं काम निघालं तरी ते टाळतात. माझ्या मते बँक आणि मोबाइल कंपनीने संगनमताने आम्हाला लुबाडलंय. ग्राहक न्यायालयात जायचीही माझी तयारी आहे. भाऊ म्हणतो, त्यात वेळ घालवू नकोस. लढावं की सोडून द्यावं?"

उत्तर:

बिल भरून झालं असलं तरी ते पुन्हा बाहेर काढा. एकूण रकमेचं पान नको, कॉलची यादी असलेलं पान हवं. ते सोबत आलं नसेल तर मोबाइल कंपनीकडून मागून घ्या. त्या यादीत प्रत्येक कॉलसमोर तारीख, वेळ, लावलेला नंबर, कॉल किती वेळ चालला, कुठल्या नेटवर्कवरून गेला आणि किती आकार लागला, हे सगळं असतं. तुम्ही तिन्ही कॉलना 'लुबाडलं' असं एकच नाव दिलंय. यादी समोर धरलीत तर दिसेल, की परदेशातल्या दोन ओळींमागचं कारण एक आहे आणि घरून केलेल्या कॉलमागचं दुसरंच. दोन्हीकडे बाबांचेच पैसे गेले, पण दाद मागायची जागा एक नाही आणि दाद मिळण्याची शक्यताही सारखी नाही.

आधी परदेशातले दोन कॉल बघू.

टोल फ्री नंबर हा मुळात एक करार असतो. एखादी बँक किंवा कंपनी आपल्या टेलिफोन कंपनीला सांगून ठेवते, की या नंबरवर येणाऱ्या फोनचे पैसे आम्ही भरू. पूर्वी असा फोन ऑपरेटरमार्फत लावावा लागे. ऑपरेटर आधी पलीकडच्याला विचारायची, 'पैसे तुम्ही देणार का?' तो हो म्हणाला, तरच जोडून द्यायची. १९६७ मध्ये अमेरिकेत ८०० नंबर सुरू झाले आणि हे विचारणं संपलं, कारण तो होकार आधीच घेऊन ठेवलेला असे. पण होकार तेव्हाही सरसकट नव्हता. किती लांबून येणाऱ्या फोनचे पैसे आपण भरणार, हे कंपन्या अंतराच्या पट्ट्यांप्रमाणे ठरवून विकत घेत. ठरवलेल्या पट्ट्याबाहेरून तो नंबर लागतच नसे. म्हणजे हद्द पहिल्या दिवसापासून होती, फक्त तेव्हा हद्दीबाहेरच्या माणसाला फोन न लागल्यामुळे ती कळायची. आता कित्येकदा फोन लागतो आणि हद्द बिल आल्यावर कळते.

बाबांच्या बँकेचा होकार तिच्या देशातून येणाऱ्या फोनपुरता असणार. बाबांचा मोबाइल रोमिंगवर होता. त्यामुळे तो कॉल आधी तुमच्याकडच्या एखाद्या नेटवर्कवर गेला, तिथून आंतरराष्ट्रीय मार्गाने मायदेशी पोचला आणि मग बँकेच्या लाइनवर आला. या शेवटच्या तुकड्याचे पैसे बँकेने भरलेही असतील. अलीकडच्या तुकड्यांचे पैसे द्यायला मात्र कुणीच होकार दिलेला नव्हता, म्हणून ते रोमिंगच्या दराने बाबांच्या नावावर पडले. बाबांनी नंबर चुकीचा लावला नव्हता. ज्या जागेवरून लावला, तिथे तो टोल फ्री उरला नव्हता, आणि हे त्यांना सांगायला तिथे कुणी नव्हतं.

म्हणून तक्रार लिहिताना 'संगनमत' हा शब्द गाळा, अशी माझी पहिली विनंती. काही देशांत असे खास नंबर असतात, ज्यांवर फोन केला की आकारातला एक वाटा फोन घेणाऱ्या कंपनीला मिळतो. तसं असतं, तर तुमच्या संशयात तथ्य होतं. टोल फ्री नंबरात पैसा उलट दिशेने जातो, तिथे बँक देणारी असते. रोमिंगच्या आकारातून तिच्या पदरात काही पडत नाही. नसलेल्या गुन्ह्याचा आरोप केलात, तर असलेल्या दोषाबद्दल तिला जाब विचारायची संधी हातची जाईल.

आणि दोष आहे. मला तर तोच मोठा वाटतो. यंत्राचा आवाज 'आपले स्वागत आहे' म्हणतो, तेव्हाच बहुतेक ठिकाणी फोन उचलला गेल्याची नोंद होते आणि आकारणी सुरू होते. नुसती रिंग वाजत असते, तोवर मीटर बंद असतो. पुढे भाषा निवडण्यासाठी एक दाबा, कार्डासाठी तीन दाबा, मग संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', हा सगळा वेळ बोलण्याचाच वेळ धरला जातो. कित्येक रोमिंग योजनांत आकार पूर्ण मिनिटांवर लागतो, म्हणजे मिनिटावर थोडे सेकंद झाले तरी पुढचं आख्खं मिनिट. फोन कट झाल्यावर बाबांना सगळा मेनू पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागला असणार. माणसाशी प्रत्यक्ष बोलणं किती झालं, हे त्यांना आठवत असेल तर विचारा. यादीतल्या वेळेतून ते वजा केलंत, तर बिलाचा मोठा भाग ताटकळण्याचा निघेल, असा माझा अंदाज आहे. कार्ड हरवल्याची खबर देणाऱ्याला सगळ्यात आधी माणूस भेटायला हवा. ते बँकेच्या हातात आहे, आणि त्याबद्दल तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरं, त्या कार्डाच्या मागे, बँकेच्या वेबसाइटवर किंवा खात्याच्या कागदपत्रांत परदेशातून लावायचा वेगळा नंबर दिला होता का, ते पाहा. बहुतेक बँका अधिक चिन्ह आणि देशाचा कोड असलेला एक साधा नंबर देतात. पण तोही फुकट नसतो. बाबांनी तो लावला असता तरी पैसे गेलेच असते. काही बँका आणि कार्ड कंपन्या परदेशातून ऑपरेटरमार्फत आलेला कॉल आपल्या खर्चाने घेतात, पण ही सोय कुणी ठळकपणे सांगत नाही, आणि असा कॉल जोडून देणारा ऑपरेटर आता सगळीकडे सापडतही नाही. तेव्हा बँकेला विचारायचा प्रश्न 'टोल फ्री म्हणून पैसे का लागले?' हा नाही. 'हा नंबर परदेशातून टोल फ्री नाही, असं तुम्ही कुठे आणि कधी सांगितलंत?' असं विचारा. याचं उत्तर द्यायला त्यांना जड जाईल.

बिलातली ती ओळ आणखी एका कारणासाठी जपायला हवी. कार्ड हरवल्यापासून ते बंद होईपर्यंत त्यावर कुणी व्यवहार केला असेल, तर बँकेला कधी कळवलं हा कळीचा मुद्दा ठरतो. बाबांचा पहिला फोन किती वाजता गेला, याचा कंपनीच्याच यादीत लेखी पुरावा आहे. दोन देशांच्या घड्याळांतला फरक तेवढा लक्षात घ्या.

आता घरून केलेला तिसरा कॉल. हा नंबर कोणत्या आकड्यांनी सुरू होतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाबांचा मोबाइल भारतातला असेल, तर १८०० आणि १८६० यांतला फरक आधी तपासा. १८०० ने सुरू होणारे नंबर फोन करणाऱ्याला मोफत असतात. १८६० ने सुरू होणारे तसे नसतात. तिथे फोन करणाऱ्याला आपल्या योजनेप्रमाणे कॉलचा आकार लागतो. दिसायला दोन्ही सारखेच, लांबलचक आणि मधे मोकळ्या जागा सोडलेले. दोन्ही 'कस्टमर केअर' या शब्दाशेजारीच छापलेले असतात. ज्याच्या पॅकमध्ये बोलणं अमर्याद आहे, त्याला हा फरक कदाचित कधीच कळणार नाही. ज्याचा पॅक तसा नाही, त्याला कळतो, आणि असे लोक बहुधा बाबांच्याच वयाचे असतात.

यावर भाऊ म्हणेल, 'मग आधी बघायला नको?' त्याला थोडं जग दाखवा. ब्रिटनमध्ये ०८०० नंबर लँडलाइनवरून मोफत होते, मोबाइलवरून मात्र सहसा पैसे लागत. १ जुलै २०१५ पासून नियामकाने ते मोबाइलवरूनही मोफत करायला लावले. तिथे आजही ०८४ आणि ०८७ ने सुरू होणाऱ्या नंबरांना फोन केला, की आपल्या फोन कंपनीचा आकार वेगळा आणि पलीकडच्या सेवेचा वेगळा लागतो. ऑस्ट्रेलियात १८०० मोफत आहे, १३०० नाही. आयर्लंडमध्ये १८५० आणि १८९० हे नंबर १८०० च्याच भावंडांसारखे दिसत. ते १ जानेवारी २०२२ पासून बंदच करून टाकले, आणि १८०० व ०८१८ एवढे दोन प्रकार ठेवले. अमेरिकेत ८००, ८८८, ८७७, ८६६ अशी टोल फ्रीची रांग आहे, आणि तिच्याच शेजारी ८०९ हा डोमिनिकन रिपब्लिकचा कोड आहे. तो टोल फ्री समजून किंवा आपल्याच देशातला समजून फोन लावणाऱ्यांवर ठकांनी वर्षानुवर्षं हात मारला. यांतल्या काही देशांत मुळात हे नंबर नेमून देणाऱ्या सरकारी नियामकांनाच, लोकांचा गोंधळ उडतो हे मान्य करून व्यवस्था बदलावी लागली. ते जे मान्य करतात, ते भावाने मान्य करायला काय हरकत आहे? सत्तरीच्या माणसाला १८०० आणि १८६० मधला फरक कळला नाही, म्हणून त्याच्या हातून फोन काढून घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हा नंबर बाबांना मिळाला कुठून, तेही त्यांना विचारा. ते वॉरंटी कार्डावरून, मशीनवर चिकटवलेल्या पट्टीवरून की इंटरनेटवर शोधून? या उत्तरावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे.

कार्डावर किंवा पट्टीवर त्या नंबरापुढे 'टोल फ्री' असं छापलेलं असेल आणि तरीही पैसे लागले असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. त्या छापील मजकुराचा फोटो काढा, बिलातली ओळ त्याशेजारी ठेवा आणि मशीनच्या कंपनीला पाठवा. ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि रक्कम लहान म्हणून ती लहान ठरत नाही. तो नंबर खरोखर टोल फ्री मालिकेतला असेल आणि मोबाइल कंपनीनेच आकार लावला असेल, तर ती तिची चूक आहे. अशी चूक कंपन्या एका तक्रारीत दुरुस्त करतात, वाद घालायचीही वेळ येत नाही. 'टोल फ्री' असं कुठेच छापलेलं नसेल आणि बाबांनी तसं गृहीत धरलं असेल, तर पैसे परत मागता येणार नाहीत. तरी मशीन विकल्यानंतरच्या तक्रारीसाठी पैसे लागणारा नंबर का ठेवला, हे कंपनीला विचाराच. युरोपीय संघात याबद्दल कायदाच आहे. विकलेल्या वस्तूबद्दल विचारायला फोन करणाऱ्या ग्राहकाला साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे पडता कामा नयेत, असं तिथल्या न्यायालयाने २०१७ मध्ये एका जर्मन कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आपल्याकडच्या कंपनीवर तो निकाल बंधनकारक नाही, पण तिच्याकडे उत्तर मागायला हरकत नाही.

नंबर इंटरनेटवर शोधून मिळाला असेल, तर मात्र बिल क्षणभर बाजूला ठेवा. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारा 'कस्टमर केअर' नंबर कंपनीचाच असेल, असं नाही. कुणीही बनावट पान करून किंवा नकाशावर नंबर टाकून ठेवतो, आणि पलीकडे अतिशय नम्र आवाजाचा माणूस बसलेला असतो. त्या फोनवर कुणी ओटीपी मागितला का, कार्डाचे आकडे विचारले का, स्क्रीन दिसावी म्हणून एखादं अ‍ॅप घ्यायला लावलं का, हे बाबांना विचारा. विचारताना पोलिसी आवाज नको. अशा प्रश्नात आरोपाचा वास आला, तर ते 'नाही, तसं काही नाही' म्हणून विषय बंद करतील. भावाच्या बोलण्यानंतर तर नक्कीच. यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर त्याच दिवशी बँकेला कळवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, लढावं की सोडावं. एवढं वाचल्यावर तुमच्याही लक्षात आलं असेल, की सगळ्याला मिळून एक उत्तर नाही.

रोमिंगच्या आकाराबाबत मोबाइल कंपनीची बाजू कायद्याने मजबूत आहे. दर जाहीर असतात, आणि बाबा परदेशात उतरल्यावर रोमिंगच्या दरांचा एसएमएसही आला असेल. तो खरोखर आला होता का, ते मात्र त्यांच्या फोनमध्ये पाहा. नसेल, तर तक्रारीत आवर्जून लिहा. आला असेल, तरी विनंती करायला काय जातं? हरवलेल्या कार्डासाठी, टोल फ्री समजून केलेले कॉल होते, ग्राहक जुना आहे, बिल भरलेलं आहे, असं सांगितल्यावर काही कंपन्या सद्भावना म्हणून थोडी रक्कम पुढच्या बिलात वळती करतात. ती हक्क म्हणून मागू नका, विनंती म्हणून मागा. माझा अनुभव असा, की फोनवर चढा आवाज लावणाऱ्यापेक्षा तारीख-वेळ लिहून शांतपणे मेल करणाऱ्याला यात जास्त यश येतं.

ग्राहक न्यायालयाचा रस्ता उघडा आहे. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक मंचापुढे नेता येते, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण रोमिंगच्या पैशांसाठी तिथे गेलात, तर तारखांमध्ये जाणारा वेळ आणि हाती येणारी रक्कम यांचा मेळ बसणार नाही. शिवाय खरेपणाने सांगायचं, तर तुमची बाजू तिथे लंगडी पडेल. दिशाभूल करणारा छापील नंबर सापडला, तर गोष्ट वेगळी. तरी तेव्हाही आधी कंपनीला लेखी तक्रार करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. न्यायालयाचं नंतर बघू. मोबाइल कंपनीकडे तक्रार केलीत, की तक्रार क्रमांक घ्या. तो दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील यंत्रणेकडे जाता येतं. तक्रारीलाही मुदत असते, म्हणून 'सवडीने करू' असं म्हणू नका. बिल भरलं म्हणजे ते मान्य केलं, असं होत नाही, पण हरकत लेखी नोंदवलेली बरी.

तुमच्या भावाबद्दल दोन शब्द. त्याने बिल न कुरकुरता भरलं, हे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत. रागाच्या मागे काळजी असेल, आणि दूरच्या बहिणीपेक्षा रोजचं सगळं निस्तरायला तोच तिथे असतो, हेही आहे. पण त्याने दिलेला हुकूम धोक्याचा आहे. बाबांनी प्रत्येक फोनसाठी त्याची वाट पाहायची ठरवली, तर पुढच्या वेळी कार्ड हरवेल तेव्हा तो कामात असेल, प्रवासात असेल, फोन उचलणार नाही, आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होऊ शकतं. बाबांनी परवा जे केलं, तेच बरोबर होतं. कार्ड हरवल्याचं कळताच त्यांनी कुणाची वाट न पाहता बँकेला कळवलं, आणि कार्ड बंद झाल्याशिवाय लाइन सोडली नाही. घरात कुणीतरी हे त्यांना मोठ्याने सांगायला हवं. तुम्हीच सांगा, आणि भावासमोर सांगा. 'जगात काही फुकट नसतं' हेही इथे लागू नाही. देशातल्या देशात, खऱ्या टोल फ्री नंबरवर, त्यांनी पाहिजे तेवढे फोन करावेत. त्याचे पैसे बँक भरते आणि ते तिने स्वतः कबूल केलेलं आहे.

परदेशी जाणाऱ्या इतर वाचकांसाठीही इथे काही सांगते, कारण अशी पत्रं मला याआधीही आली आहेत. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद कसं करायचं, ते घरी बसून एकदा करून पाहा. बहुतेक अ‍ॅपमध्ये कार्ड तात्पुरतं थांबवून पुन्हा सुरू करता येतं. तसं असेल, तर फोनची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय हाच. बँकेचा साधा, देशाच्या कोडसकट नंबर कागदावर लिहा आणि तो कागद कार्ड असलेल्या पाकिटात ठेवू नका, कारण हरवतं ते पाकीटच. फोन करायचाच झाला, तर इंटरनेटवरून करा. काही इंटरनेट कॉलिंग सेवांवरून काही देशांचे टोल फ्री नंबर मोफत लागतात, आणि नाही लागले तरी साधा नंबर रोमिंगपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. वाय-फाय कॉलिंग चालू असलं म्हणून निर्धास्त राहू नका. काही मोबाइल कंपन्या परदेशातून वाय-फायवर केलेला कॉल मायदेशातला धरतात, काही धरत नाहीत. हे आधी विचारून घ्या. हॉटेलच्या खोलीतल्या फोनवरून टोल फ्री नंबर लावला, तरी हॉटेल स्वतःचा आकार लावू शकतं, तेव्हा रिसीव्हर उचलण्याआधी काउंटरवर विचारा. अधिक चिन्हानंतर थेट ८०० आणि पुढे आठ आकडे असा नंबर दिसला, तर तो आंतरराष्ट्रीय टोल फ्री असतो, म्हणजे एकाहून जास्त देशांसाठी होकार देऊन ठेवलेला. तोही सगळ्या देशांतून चालत नाही, आणि मोबाइलवरून लावल्यास पैसे लागू शकतात. यंत्राने 'आम्ही तुम्हाला परत फोन करू' असा पर्याय दिला, तर देशात असताना तो जरूर घ्या. रोमिंगवर मात्र येणाऱ्या कॉललाही पैसे लागतात का, हे पाहूनच घ्या.

तक्रार तुम्ही लिहू नका, बाबांना लिहू द्या. मजकूर साधारण असा पुरेल: "अमुक तारखेला अमुक वाजता, कार्ड हरवल्याची खबर देण्यासाठी मी आपल्या टोल फ्री नंबरवर परदेशातून दोन कॉल केले. त्यांतला बहुतेक वेळ मी प्रतीक्षेत होतो. हा नंबर परदेशातून मोफत नाही, हे आपण मला कुठे कळवलं होतं, आणि कार्ड हरवल्याच्या तक्रारीसाठी एवढा वेळ का लागला, याचं लेखी उत्तर द्यावं. कॉलची यादी सोबत जोडली आहे. लागलेल्या आकाराची भरपाई करण्याचा विचार व्हावा, ही विनंती." मोबाइल कंपनीसाठी यातलाच मजकूर थोडा बदलून वापरता येईल. दोन्ही मेलची प्रत भावाला जाऊ द्या. मशीनच्या कंपनीला मात्र इतक्यात काही लिहू नका. आधी वॉरंटी कार्ड शोधा आणि त्यावर नंबर १८०० ने सुरू होतो की १८६० ने, ते मला कळवा.